खालच्या शेतात पाणी

त्या रविवारी घरात भांडण होणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणूनच की काय, सगळे वेळेवर आले.

आत्या सकाळच्या बसने आली. तिला घ्यायला दादानं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, फाट्यावर जायचं ठरलं होतं. पण ती उतरली तर समोर धाकटा उभा. धुतलेला शर्ट, नीट विंचरलेले केस आणि हाताला वंगणाचा वास. घरातली मुलं त्याला काका म्हणत, आणि मुलांचं ऐकून आता सगळा गावच काका म्हणत असे. शेतातला पंप सोडून तो फाट्यापर्यंत आला, याचाच अर्थ काहीतरी मोठं आहे, हे आत्याला तिथेच कळलं.

तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर टाकून तो घरापर्यंत बोलत राहिला. एरवी हा माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलेल तर शपथ. खालच्या शेताचं सगळं तिला माहीत होतं, तरी त्यानं पहिल्यापासून सांगितलं. तिथे पूर्वी दलदल होती. आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, आणि आबांच्या भावानं तरुणपणी त्या चिखलात उभं राहून चर खणले, बांध घातला, पंप बसवला, पाणी उपसून पलीकडच्या नदीत टाकलं आणि जमीन मिळवली. त्या जमिनीच्या उत्पन्नावर घर उभं राहिलं, तिघं भावंडं शिकली, तिघांची लग्नं झाली. आणि आता दादाची मुलगी, आपली चिमी, म्हणतेय की पंप बंद करा आणि पाणी परत आत घ्या. आबा अजून जिवंत आहेत, ताई. त्यांच्या डोळ्यांदेखत.

शेवटचं वाक्य त्यानं थांबून, तिच्याकडे बघून म्हटलं. आत्याला आठवलं ते आबांचे पाय. संध्याकाळी आई ते कोमट पाण्यात घालून चोळायची, आणि पाणी काळंभोर व्हायचं. चिमीवर तिचा जीव होता, पण दारात पोचेपर्यंत तिचं ठरून गेलं होतं.

“मी तुझ्या बाजूने आहे,” ती म्हणाली. काकानं नुसती मान हलवली आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

*

चिमीला हे आत्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. एरवी आल्याबरोबर आत्या तिचे गाल ओढायची, वयाची तिशी उलटली तरी. आज तिनं “बरी आहेस ना?” एवढंच विचारलं आणि आबांच्या खोलीकडे वळली.

आबांची खोली हेच खरं तर चिमीचं पहिलं काम होतं. शहरात बांधकामाच्या सामानाचं शिक्षण घेऊन, तिथे काही वर्षं नोकरी करून ती परत आली, ती रिकाम्या कोठारात एक जुना दाबयंत्राचा सांगाडा घेऊन. खालच्या शेताच्या अगदी तळाच्या कोपऱ्यात पंपालाही न जुमानता पाणी झिरपायचं. तिथे पाणकणीस हे पाणगवत माजलं होतं, माणसाच्या डोक्यावर गेलेलं. थंडीत ते उभ्या-उभ्या वाळलं की चिमी ते कापायची, तुकडे करायची, चिकट मातीत कालवून गरम दाबाखाली धरायची. त्याचे जाड, हलके तक्ते व्हायचे. पाणकणसाच्या पात्याच्या आत स्पंजासारखी हवा भरलेली असते. तक्ते भिंतीला लावले की थंडी बाहेर राहते आणि उन्हाळाही बाहेर राहतो. पहिल्या चार-पाच वर्षांची लाज, हसू, “आमची पोर गवत थापते” असले टोमणे सगळं झालं. मग तिनं आबांची खोली आतून तक्त्यांनी मढवली आणि त्या हिवाळ्यात आबा पहिल्यांदा टोपी न घालता झोपले. त्यानंतर घरात कुणी गवत म्हटलं नाही.

आता शाळांच्या इमारती बांधणारा एक कंत्राटदार तक्ते मागत होता. एकदाच नव्हे, दर वर्षी. कोपऱ्यातल्या पाणकणसावर ते भागणारं नव्हतं. खालचं शेत अख्खं पाण्याखाली गेलं तरच भागणार होतं. आणि त्यात एक मेख होती. शेत तिघा भावंडांच्या वाट्याचं. आता एकाच्या वाट्यात पाणी आणि दुसऱ्याच्या वाट्यात मका असं होत नाही. पंप एकच, बांध एकच. भिजायचं तर सगळ्यांनी, कोरडं राहायचं तर सगळ्यांनी.

जेवणं झाल्यावर सगळे मोठ्या टेबलाभोवती बसले. आबा खिडकीजवळच्या खुर्चीत, डोळे मिटून. दादा टेबलाच्या टोकाला, नेहमीसारखे काही न बोलता. चिमीची आई गेल्यापासून त्यांनी वाद घालणंच सोडून दिलं होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात, मांडीवर कुणाचा तरी फाटलेला कोट आणि हातात सुई. भिंतीपलीकडे पंपाची घरघर चालूच होती.

चिमीनं मांडायचं ते मांडलं. गेल्या तीन सालांत मका नीट आलेला नाही, खोडं तळाशी कुजतात, पंप आधीपेक्षा जास्त चालवावा लागतो आणि माती दर वर्षी आणखी खाली बसते. ही माती मुळात कुजलेल्या पाल्याची. पाण्याखाली होती तोवर टिकली. हवा लागली की ती विरून जाते, अक्षरशः हवेत जाते. पाणी परत आलं तर बसणं थांबेल. आणि कापणी हिवाळ्यात असते, जेव्हा गावात कुणाच्या हाताला काम नसतं. गेल्या हिवाळ्यात गावातला गवंडी आणि त्याची बायको शहरात गेली नाहीत, इथेच कापणीला आली. त्यांच्या मुलीची शाळा पहिल्यांदा मध्येच तुटली नाही. वरच्या आळीतली आणखी पाच-सहा घरं विचारत आहेत. गावाच्या दोन बंद दुकानांपैकी एक उघडलंय, हे आत्यानं येताना पाहिलंच असेल.

आत्यानं पाहिलं होतं. पण ती म्हणाली की काम आणायला दुसरे मार्ग असतील. आबांच्या कष्टावर पाणी सोडायलाच हवं का?

“अगदी खरंखुरं पाणी,” काका म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता, पण दादांना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

चिमी म्हणाली की पाणी नुसतं सोडून चालणार नाही, ते वर्षभर एका पातळीवर धरावं लागेल, आणि त्यासाठी तिला खरं तर काकांनाच विचारायचं होतं... पण काकानं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

“मी नाही म्हणतो,” तो उठत म्हणाला. “माझा वाटा कोरडा राहील. म्हणजे सगळ्यांचाच. संपलं.”

आणि तो पंपाकडे निघून गेला. चिमीनं बापाकडे पाहिलं. दादांनी टेबलावरचा पाव कापला, तिच्यापुढे सरकवला. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त पाठिंबा तिला त्या घटकेला मिळणार नव्हता.

*

दुपारी आत्याच म्हणाली, चल, मला दाखव तरी. तिला चिमीची समजूत काढायची होती, आणि ती चालता-चालता जास्त चांगली काढता येते असा तिचा अनुभव होता. रुग्णालयात परिचारिका म्हणून तिची अर्धी नोकरी लोकांना बागेत फिरवून वाईट बातम्या सांगण्यात गेली होती.

दोघी बांधावरून उतरल्या. बांध आत्याला उंच वाटला. मग तिच्या ध्यानात आलं की उंच बांध झालेला नाही. मक्याची पानं पिवळी, टोकं करपलेली. पायाखालची जमीन गादीसारखी दबत होती. मध्यभागी तो लोखंडी खांब दिसला आणि ती थबकली.

तो खांब आबांनी आणि चुलत्यानं ठोकला होता, खाली खडक लागेपर्यंत, शेताची मधली खूण म्हणून. त्याच्या डोक्याला एक कडी होती. लहानपणी आत्या आणि तिच्या मैत्रिणी त्या कडीला अडखळून पडायच्या, कारण ती जमिनीलगत, गवतात लपलेली असायची. एकदा तिचं नखच निघालं होतं. आता ती खांबाशी उभी राहिली आणि कडी तिच्या डोक्याच्याही वर होती. तिनं हात वर केला, टाचा उचलल्या, तेव्हा बोटं पोचली.

“खांब वर आला?” तिनं विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

“नाही, आत्या. तो तिथेच आहे.”

कडी गंजली होती, पण फिरत होती. आत्या ती बोटांनी फिरवत राहिली. इतकी जमीन गेली, आणि कुणी चोरली नाही, कुणी विकली नाही, पुरात वाहिली नाही. रोज थोडी थोडी उडून गेली आणि घरातल्या कुणाला दिसली नाही. काकाला तर नाहीच दिसणार. तो रोज बघत होता.

समजूत काढायचं राहूनच गेलं. पुढे तळाच्या कोपऱ्यात पाणकणसाचं रान होतं, हिरवंगार, तपकिरी कणसं वाऱ्यावर डुलत. आत शिरल्याबरोबर गारवा लागला. कुठलासा पाणपक्षी कुरकुरत पळाला. आत्यानं चपला काढल्या आणि पाण्यात पाय घातले, आणि चिमीला म्हणाली की ह्याचं तुझ्या काकाला काही सांगू नकोस, निदान चहापर्यंत.

*

काका परत आला तेव्हा चहा झाला होता. टेबलाशी बसल्याबरोबर त्याला काहीतरी हललेलं जाणवलं, यंत्राचा आवाज अर्ध्या स्वरानं बदलावा तसं. आत्या त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. तिच्या घोट्यांवर वाळलेला काळा चिखल होता.

मग तिनं खांबाचं सांगितलं. फार काही बोलली नाही, टाचा उचलल्याशिवाय कडी हाताला लागत नव्हती एवढंच म्हणाली, आणि हेही की सकाळी तुला दिलेला शब्द मी परत घेते, रागावू नकोस. काका रागावला नाही. त्याला नुसतं एकटं वाटलं. दादा आधीपासूनच मुलीच्या बाजूचे होते, तोंडानं म्हणोत न म्हणोत. आता ताईही गेली. त्यानं सवयीनं दाराकडे पाहिलं. काकू तिथे होतीच, त्याच कोटाशी झगडत.

“हिला विचारा,” तो म्हणाला. “ही माझ्याइतकीच ह्या पंपाच्या मागे राबलीये. हिला विचारा पाणी घ्यायचं का.”

काकूनं सुई कोटात टोचून ठेवली.

“घ्यायचं,” ती म्हणाली.

काकाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“चिमीला आईसारखं सांभाळलंस म्हणून म्हणतेस,” तो शेवटी म्हणाला.

“चिमीचा संबंध नाही. मी माझ्यासाठी म्हणतेय.” काकूचा आवाज चढला नाही. “लग्न होऊन आले तेव्हा मला सांगितलं होतं की घरात सासरे आहेत, दीर आहेत, जाऊ आहे. पंप आहे हे कुणी सांगितलं नाही. माझ्या बहिणीच्या लग्नाला मी एकटी गेले. तुम्ही दुपारच्या गाडीनं येणार होतात, आभाळ आलं म्हणून आला नाहीत. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आलात, आणि खाटेशी बसून सगळा वेळ खिडकीतून ढग बघत होतात. मला त्याचा राग नाही. पाणी चढलं असतं तर वर्षाचं पीक गेलं असतं, एवढं मलाही कळत होतं. म्हणून कधी बोलले नाही. पण आता पीक तसंही येत नाही. मग तुम्ही अजून तिकडेच का?”

तिनं पुन्हा कोट उचलला, पण टाका घातला नाही.

काकाच्या मनात आलं की बायको इतकं सलग बोललेली आपण ऐकलीच नाही कधी. तो उठला, आणि उठून जायला त्याला एकच जागा माहीत होती.

*

पंपघराच्या दारात तो बसून राहिला. आत मोटर घरघरत होती, जाड नळातून काळसर पाणी नदीत पडत होतं. उन्हं कलली होती. थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. आबा. ते आताशा अंगणाबाहेर येत नसत. काका उठून हात द्यायला गेला तर त्यांनी हात झिडकारला आणि पायरीवर त्याच्या शेजारी टेकले. दम खात बसले. पंपाच्या आवाजावर बोलायचं म्हणजे कानाशी तोंड न्यावं लागे, म्हणून ते त्याच्याकडे झुकले.

“तू माझं नाव घेऊन भांडतोयस म्हणे.”

“झोपला नव्हतात तर तुम्ही.”

“ह्या वयात डोळे मिटले की लोक खरं बोलतात.”

काकानं विचारलं की त्यांना काहीच वाटत नाही का. चुलत्यानं त्या चिखलात छाती खराब करून घेतली आणि चाळिशीत गेला. तुमचे पाय कायमचे गेले. आणि आता सगळं परत पाण्यात.

आबांनी काठीच्या टोकानं पायरीवरचं शेवाळ खरवडलं.

“वाटतं ना,” ते म्हणाले. “पण ते माझं मी बघीन. आम्ही दोघं त्यात उतरलो ते काही हौसेनं नाही. तुम्ही तिघं लहान होता आणि वरच्या जमिनीत पोट भरत नव्हतं. तुम्ही जेवलात, मोठे झालात. ते काम वाया नाही गेलं. ते झालं. झालेलं काम किती दिवस धरून बसायचं?”

नळातून पडणाऱ्या पाण्याकडे बघत काकानं मनातलं विचारलं.

“आणि मी उद्या सकाळी उठून काय करू?”

“मला काय विचारतोस. मी शेत सोडलं तेव्हापासून तेच शोधतोय. तुला सापडलं तर मलाही सांग.” आबा हसले, आणि हसता-हसता त्यांना ठसका लागला. तो जाईपर्यंत काकानं त्यांची पाठ चोळली. मग ते म्हणाले, “पोरगी दुपारी काहीतरी विचारत होती तुला. पाणी एका पातळीवर कसं धरायचं असलं काहीतरी. तू उठून आलास.”

काकाला ते आठवलं. त्या वेळी त्याला ते वाक्य म्हणजे गोड बोलून गळा कापणं वाटलं होतं. आता तो खरोखरच विचार करू लागला. पाणी बाहेर काढायचं त्याला माहीत होतं. आत ठेवायचं कसं? जास्त झालं तर कोवळे कोंब बुडणार, कमी झालं तर माती उघडी पडणार. बांधाला दार लागेल, त्यात एकावर एक फळ्या. पावसात एक फळी काढायची, उन्हाळ्यात एक चढवायची. पूर्वेकडून चर उतरतो, तिथे अजून एक दार. पोरगी एकाच दारात भागवायला बघेल, आणि पहिल्याच पुरात फसेल. त्याच्या कपाळावरच्या आठ्या बदलल्या. आबांनी ते पाहिलं.

थोड्या वेळानं काका उठला, आत गेला. कळेवर हात ठेवून थांबला.

“तुम्ही करता?” त्यानं बाहेर ओरडून विचारलं.

“मी सुरू केला होता,” आबा ओरडले. “बंद तू कर.”

*

घरात चिमी टेबलावर कोपर टेकून बसली होती. आत्या पाय धुऊन आली होती. दादा दिवा लावत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडची घरघर घरंगळत खाली गेली, अडखळली आणि थांबली.

दादांच्या हातातली काडी विझली. काकू कोट तसाच खाली ठेवून खिडकीशी गेली.

दोघं अंगणातून येत होते, आबा काकाच्या दंडाला धरून. दारात आल्यावर काकानं कुणाकडेच न पाहता चिमीला सांगितलं की एका दारानं होणार नाही, दोन लागतील, आणि फळ्या तो लावणार. तो आणि फक्त तो. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालणार नाही, आणि पातळीवरून वाद झाला तर शेवटचा शब्द त्याचा. चिमी सगळ्याला हो म्हणाली. मग ती उठली आणि तिनं काकाच्या छातीवर डोकं ठेवलं. तो गोंधळून दोन्ही हात बाजूला धरून उभा राहिला, हातांना वंगण होतं म्हणून.

आत्यानं दादांना विचारलं की परतीची बस किती वाजता असते, का आज राहूच. दादा म्हणाले, राहा. मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले. दोघंही ओरडून बोलले होते. चिमी हळूच काहीतरी म्हणाली, तर तीही ओरडलीच. ह्या घरात सगळेच जन्मभर भिंतीपलीकडच्या आवाजावर आवाज चढवून बोलत आले होते, आणि आता तो आवाज नव्हता तरी गळे तसेच मोकळे सुटले होते. आबा एक वाक्य बोलले, ते बहुधा पलीकडच्या घरातही ऐकू गेलं असावं. आत्याला हसू आवरेना. ती खुर्चीवर बसून पोट धरून हसली, तिच्यामागे चिमी, आणि मग दादा, तोंडावर हात न ठेवता.

काका मात्र काकूपाशी गेला होता. ती पाठमोरी, चहाची भांडी विसळत होती. त्याला तिच्याशी खासगीतलं बोलायचं होतं, आणि त्यानं ते त्याच्या परीनं अगदी हळू विचारलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

“एवढं मनात होतं, तर आधी मला एकट्याला सांगायचं होतंस.”

काकूनं पेला पालथा घातला, हात पुसले आणि त्याच्याकडे वळली.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “कितीदा तरी. पंप चालू होता.”